कोवळे वय आणि आयर्लंडची शपथ

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कॉर्क शहरात १० एप्रिल १८३८ रोजी फादर थिओबाल्ड मॅथ्यू नावाच्या एका कपुचिन धर्मगुरूंनी एका वहीत आपले नाव लिहिले. मद्याचा थेंबही घेणार नाही, अशा प्रतिज्ञेखालची ती सही होती. फादरांचे वय तेव्हा ४७ वर्षांचे होते. त्यांना या कामाकडे ओढून आणले ते विल्यम मार्टिन या क्वेकर गृहस्थाने. आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील अविश्वास त्या काळी किती दाट होता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोघांच्या मैत्रीचे मोल कळेल. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे दोघेही रोज पाहत होते, आणि उपाशी लेकरू कोणत्या पंथाचे आहे हे भूक विचारत नाही.

पुढच्या पाच-सहा वर्षांत जे घडले ते युरोपच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. फादर मॅथ्यू गावोगाव फिरले. लोक गुडघे टेकून शपथ घेत, फादर त्यांच्यावर आशीर्वादाचा हात ठेवत आणि त्यांना एक पदक मिळे. १८४१च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख भरली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी शपथ घेतल्याचे चळवळीचे लोक सांगत. हा आकडा फुगवलेला असेल असे मानले, तरी सरकारच्या तिजोरीचा आकडा फुगवता येत नाही. १८३९ मध्ये आयरिश दारूवर १४ लाख ३४ हजार पौंडांचा कर जमा झाला होता. १८४४ मध्ये तो ८ लाख ५२ हजारांवर आला. एका निष्कांचन संन्यस्ताने सरकारचे एवढे उत्पन्न बुडवल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

आणि तरीही ही चळवळ टिकली नाही. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच किंवा त्याहूनही अधिक देश सोडून गेली. ज्या गावांनी शपथ घेतली होती ती गावेच उरली नाहीत. पदकांच्या आणि प्रवासाच्या खर्चापायी फादर स्वतः कर्जात बुडाले. काही बिशपांनाही, विशेषतः टुआमचे आर्चबिशप मॅकहेल यांना, हा प्रकार पसंत नव्हता. १८५६च्या डिसेंबरात फादर मॅथ्यू वारले तेव्हा त्यांचे काम बरेचसे विरून गेले होते. इतिहासकार दुष्काळाकडे बोट दाखवतात आणि ते खरेच आहे. परंतु आमच्या मते आणखीही एक कारण आहे, आणि आपल्या घरांच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे. फादर मॅथ्यूंच्या शपथेत वयाचा विचारच नव्हता. साठीचा मद्यपी आणि दहा वर्षांचे पोर एकाच मैदानात गुडघे टेकीत, एकच वाक्य उच्चारीत. मद्यपान हा दुर्बळ इच्छाशक्तीचा दोष आहे आणि ईश्वरी कृपेने इच्छाशक्ती बळकट केली की तो जातो, अशी त्या काळची समजूत होती. शरीर नावाची एक गोष्ट मध्ये उभी आहे, आणि ती बाराव्या वर्षी एक असते व चाळिसाव्या वर्षी दुसरी, हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नव्हते.

यात त्या काळच्या वैद्यांचाही वाटा होता. १९व्या शतकात मद्य हे औषध मानले जाई. तापात ब्रँडी, अशक्तपणात पोर्ट वाइन, बाळंतिणीला काळी बिअर. तान्ह्या बाळांचे पोट दुखले तर इंग्लंडात १८५१ पासून जे ग्राईप वॉटर मिळू लागले, त्यात मद्यार्क होता. आपल्या किनारपट्टीवरील जुन्या घरांतही सर्दीने कोंडलेल्या मुलाला चमचाभर ब्रँडी किंवा फेणी पाजण्याची रीत होती, आणि ज्या आजी ती पाजत त्यांच्या मनात माया सोडून दुसरे काही नव्हते. मद्य यकृताचे काय करते हे मात्र शास्त्राला कळू लागले होते. स्टेथोस्कोपचे जनक रेने लाएनेक यांनी १८१९ साली अशा कठीण, गाठाळ, पिवळसर झालेल्या यकृताच्या विकाराला ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिले. त्या नावाचे मूळ पिवळसर-तपकिरी रंगाच्या ग्रीक शब्दात आहे. लाएनेक हे निष्ठावान कॅथलिक होते, ही गोष्ट आमच्या वाचकांना आवडेल. पण सिऱ्होसिस हा वर्षानुवर्षे पिणाऱ्या माणसाचा आजार. कोवळ्या वयात आत काय बिघडते, ते तेव्हाच्या कोणत्याही वैद्याच्या नळीला ऐकू येण्यासारखे नव्हते.

फादर मॅथ्यू वारले त्याच वर्षी, २ मे १८५६ रोजी, डब्लिनच्या एका गरीब घरात एक मुलगा जन्माला आला. मॅथ्यू टॅलबट हे त्याचे नाव. सगळे त्याला मॅट म्हणत. बारा भावंडांतील तो दुसरा. वडील गोदीत नोकरीला. वडील पिणारे, आणि थोरला सोडल्यास मॅटचे भाऊही पुढे तसेच निघाले. शाळेत मॅट अधूनमधूनच जाई. बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो एका मद्यव्यापाऱ्याकडे निरोप पोचवण्याच्या कामावर लागला. तेथे बाटल्या भरल्या जात. परत आलेल्या बाटल्यांच्या तळाशी उरलेली बिअर पोरे चाखत. वर्षभरातच मॅट झिंगून घरी येऊ लागला.

पुढे जे घडले ते वाचताना आम्ही दर वेळी थबकतो. बापाने मुलाला चोप दिला. मग त्याला त्या व्यापाऱ्याकडून काढून गोदीच्या ज्या कचेरीत आपण स्वतः नोकरीला होतो तिथेच, आपल्या नजरेखाली, कामाला लावले. पण त्या गोदीच्या कोठारांत व्हिस्कीची पिंपे होती. बिअर चाखणारा मुलगा आता व्हिस्की पिऊ लागला. बापाने शिक्षा केली, देखरेख ठेवली, कामही बदलले. जे बदलायला हवे होते ते मात्र तसेच राहिले, कारण ते बापाच्या स्वतःच्याच पेल्यात होते.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे मॅट टॅलबटने दारूत घालवली. वीटकाम करणाऱ्यांचा बिगारी म्हणून तो राबे. कामात तो चोख होता. पण आठवड्याची मजुरी शनिवारीच गुत्त्यात जाई. पैसे संपले की तो बूट विके. एकदा तर एका अंध वादकाचे फिडल मित्रांच्या संगतीने लांबवून विकले गेले. १८८४ साली एका शनिवारी, आठवडाभर काम न मिळाल्याने तो रिकाम्या खिशाने गुत्त्याबाहेर उभा राहिला. आजवर ज्यांना आपण पाजले त्यांपैकी कोणीतरी आत बोलावील, असे त्याला वाटले होते. कोणी बोलावले नाही. तो घरी गेला, आईला सांगितले आणि क्लॉनलिफच्या सेमिनरीत जाऊन पापनिवेदन करून शपथ घेतली. ती आधी फक्त तीन महिन्यांची होती. मग ती सहा महिन्यांची झाली, आणि मग जन्माची. वय वर्षे २८. पुढली ४१ वर्षे त्याने मद्याला स्पर्श केला नाही. खिशात पैसे ठेवणेही त्याने सोडले, कारण रस्त्यात गुत्ता लागत असे. त्या अंध वादकाला त्याने पुष्कळ शोधले. तो सापडला नाही तेव्हा त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करवली. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्सेला जाताना रस्त्यातच तो कोसळला आणि मरण पावला. पोप पॉल सहावे यांनी १९७५ साली त्याला ‘पूजनीय’ म्हणून घोषित केले.

टॅलबटची कथा आपल्या प्रवचनांतून पुष्कळदा सांगितली जाते, पण ती सांगताना आपण १८८४ सालापासून सुरुवात करतो. गुत्त्याचे दार, शपथ, मग तपश्चर्या. १८६८ सालाबद्दल, म्हणजे त्या बाराव्या वर्षाबद्दल, आपण एका वाक्यात उरकतो. वास्तविक त्या वर्षी त्या मुलाच्या शरीरात काय घडले असेल ते आज सांगता येते, आणि ते सांगितले पाहिजे.

मद्यार्काला पचन लागत नाही. थोडा जठरातून आणि बहुतेक सगळा लहान आतड्यातून तो सरळ रक्तात उतरतो, आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोचतो. त्याचा निचरा करण्याचे काम मुख्यतः यकृताचे. यकृत त्याचे आधी अॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करते आणि मग त्या विषाचे साध्या, निरुपद्रवी द्रव्यात. हे काम ठरलेल्या गतीने चालते. काळी कॉफी पाजून किंवा डोक्यावर गार पाणी ओतून ते जलद होत नाही. ३० मिलिलिटरच्या एका पेगातील मद्यार्क निपटायला प्रौढ माणसाच्या यकृताला साधारण तास-सव्वा तास लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे शरीर लहान, त्यातील पाण्याचा साठा कमी. म्हणून तेवढ्याच पेल्याने त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण किती तरी अधिक चढते. शिवाय यकृत या कामात गुंतले की रक्तात नवी साखर तयार करण्याचे त्याचे दुसरे काम अडते. मोठ्या माणसाच्या यकृतात साखरेची शिल्लक बरी असते, मुलाच्या नसते. त्यामुळे प्यायलेले मूल रिकाम्या पोटी झोपले तर रक्तातील साखर उतरून ते बेशुद्ध पडू शकते, आणि घरचे समजतात, नशेत झोपले आहे, झोपू द्या. अशा झोपेत उलटी श्वासनलिकेत जाऊन मुले दगावलेली आहेत. हाक मारून न उठणाऱ्या मुलाला कुशीवर वळवून तडक इस्पितळात न्यायचे असते. अब्रूचा विचार उद्या करता येतो.

ही झाली एका रात्रीची गोष्ट. मेंदूची गोष्ट लांबची आहे. माणसाचा मेंदू आकाराने लवकर वाढतो, पण त्याची आतली जुळवाजुळव विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. त्यातही जो भाग सगळ्यांत शेवटी पक्व होतो तो कपाळामागचा. परिणामांचा विचार करणे, मोह आवरणे, ‘आता पुरे’ म्हणणे ही त्याची कामे. सुखाची चटक लावणारे भाग त्याआधीच जागे झालेले असतात. गाडी वेगात आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत, अशी पौगंडावस्थेची रचनाच आहे. त्यात मद्य ओतले म्हणजे जो ब्रेक तयार होत होता त्यालाच गंज लागतो. नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागालाही झळ पोचते. लहानपणापासून भरपूर पिणाऱ्या तरुणांत तो भाग आकाराने लहान असल्याचे तपासण्यांत आढळले आहे. प्राण्यांवरील प्रयोगांतून आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली: पेंग येणे, तोल जाणे हे जे मद्याचे परिणाम प्रौढाला थांबायला लावतात, ते कोवळ्या वयात कमी जाणवतात, आणि स्मरणशक्तीवरचा घाव मात्र अधिक खोल बसतो. ‘आमचा मुलगा दोन ग्लास घेऊनही सरळ चालतो,’ असे कौतुकाने सांगणाऱ्या बापांनी हे जरूर ऐकावे. सरळ चालणे हे येथे बळाचे लक्षण नाही.

१९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की ज्यांनी वयाची १५ वर्षे पुरी होण्याआधी पिण्यास सुरुवात केली होती, त्यांच्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक जण आयुष्यात केव्हा तरी मद्याच्या पुरते आहारी गेले. ज्यांनी विशी ओलांडून सुरुवात केली त्यांच्यात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. लवकर पिणाऱ्यांची घरेही पुष्कळदा पिणाऱ्यांची असतात, आनुवंशिकतेचाही भाग असतो, म्हणून सगळा दोष वयावर टाकता येत नाही. तरीही चौपट हा फरक लहान नाही. टॅलबटच्या घराकडे पाहिले तर ही सगळीच कारणे तेथे एकत्र नांदत होती.

आता पुन्हा डब्लिनकडे वळू. टॅलबट शपथ पाळून चौदा वर्षे झाली होती तेव्हा, २८ डिसेंबर १८९८ रोजी, त्याच शहरातील गार्डिनर स्ट्रीटच्या येशूसंघीयांच्या चर्चमध्ये फादर जेम्स कलन यांनी चार स्त्रियांना घेऊन एक संघ स्थापन केला. येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेला हा ‘पायोनियर’ संघ. फादर कलन यांनी फादर मॅथ्यूंच्या अपयशाचा नीट अभ्यास केला होता. त्यांनी मैदाने टाळली. त्यांचा संघ मद्यप्यांसाठी नव्हताच. ज्यांना दारूची बाधा नाही अशांनी, आपल्याला निषिद्ध नसलेली वस्तू आपणहून सोडून तो त्याग मद्यप्यांच्या सुटकेसाठी प्रभूच्या हृदयाला अर्पावा, अशी ती कल्पना होती. सुरुवात त्यांनी घरातल्या स्त्रियांपासून केली, पुरुष मागाहून आले. जन्माची शपथ एकदम दिली जात नसे. आधी उमेदवारीचा काळ, मग छातीवर पवित्र हृदयाची लहानशी खूण. आणि मुलांसाठी वेगळी शाखा, वयाच्या मर्यादेसह. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या संघाचे सुमारे पाच लाख सभासद असल्याचे सांगितले जाई.

याच्याच जोडीने आयर्लंडमध्ये दृढीकरण संस्काराच्या दिवशी मुलांनी शपथ घेण्याची प्रथा रूढ झाली. साधारण बारा वर्षांची मुले, नव्या कपड्यांत, बिशपांसमोर उभी राहून वचन देत, की ठरलेल्या वयापर्यंत आम्ही मद्य घेणार नाही. जुन्या काळी हे वय २१ होते, पुढे ते १८ वर आले. मेंदूच्या वाढीबद्दल त्या बिशपांना काही माहीत नव्हते. पण ज्या वयात टॅलबटने पहिला घोट घेतला नेमक्या त्याच वयात त्यांनी हे कुंपण घातले, आणि ते जन्मभराचे नव्हे, ठरावीक वर्षांचे घातले. हे अनुभवातून आलेले शहाणपण आम्हाला फार मोठे वाटते. एकदा विशी पार झाली की धोका संपतो असे नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक ठरवले आहे. पण पहिला घोट जितका पुढे ढकलाल तितकी बेडी सैल, एवढे शास्त्र आज सांगते.

या प्रथेचे दोषही सांगायला हवेत. सगळा वर्गच उभा राहतो तेव्हा एकटा मुलगा बसून राहू शकत नाही. अशा शपथेत संमती किती आणि रांग किती, हा प्रश्न आयर्लंडमध्येच विचारला गेला. शपथ मोडलेला मुलगा ती गोष्ट घरी सांगण्याऐवजी लपवायला शिके. आणि कित्येक घरांत दुपारी चर्चमध्ये शपथ होई आणि संध्याकाळी तिच्याच आनंदाप्रीत्यर्थ मोठ्यांचे पेले भरत. देशाला शेवटी कायद्यांचाही आधार घ्यावा लागला: २०१८ चा मद्यविषयक आरोग्य कायदा आणि २०२२ पासून मद्याची किमान किंमत.

आपल्याकडे कायदा कमी नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. महाराष्ट्रात सौम्य मद्यासाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ अशी वयोमर्यादा आहे, जी आयर्लंडहूनही कडक. परंतु कायदा दुकानाच्या गल्ल्यापाशी उभा असतो; लग्नाच्या मांडवात, सणाच्या जेवणात, नामकरणाच्या पंक्तीत तो येत नाही. तेथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती ग्लास देणारा मामा किंवा काका असतो, आणि ‘घरातच घेतो, बाहेर तर जात नाही’ असे म्हणून हसणारा बापही. बंदीच्या काळात मुंबईत जे ‘आंटीचे अड्डे’ चालले आणि हिंदी चित्रपटांनी दारूड्याला जे ख्रिस्ती नाव चिकटवले, त्याचा आपल्याला राग येतो, आणि तो यावाही. पण सोळाव्या वर्षी पहिला घोट आपल्याच अंगणात मिळत असेल, तर त्या रागाला वजन उरत नाही.

‘पण फादर, काना गावी प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला ना?’ हा प्रश्न दृढीकरणाच्या वर्गात दर वर्षी एक तरी मुलगा विचारतो, आणि बाकीचे हसतात. प्रश्न योग्यच आहे. ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधी पाप म्हटले नाही. म्हटले असते तर तिला वेदीपाशी उभेच राहता आले नसते. फादर कलन यांचे सभासदही हेच मानत, म्हणून तर त्यांच्या त्यागाला अर्थ होता. पण वेदीवरच्या कपाबद्दलही ख्रिस्तसभेने शरीराचे ऐकले आहे. मद्याच्या व्यसनातून उठलेल्या धर्मगुरूला मिस्सेतला तो एक घोटसुद्धा पुन्हा दरीत लोटू शकतो, हे ओळखून १९९५ साली रोमहून बिशपांना पत्र गेले, की अशा धर्मगुरूने वैद्यकीय दाखला दिल्यास त्याला ‘मुस्तुम’, म्हणजे जवळजवळ न आंबलेला द्राक्षांचा ताजा रस, वापरण्याची परवानगी द्यावी. हे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसायची थांबतात आणि पुढचा प्रश्न विचारतात: मग त्या फादरांनी प्यायला सुरुवात कितव्या वर्षी केली होती?